इंग्रजी इडियम्स शिकताना नेहमी पडणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

नाशिकरोडला मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते. नोकरीवाले, मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आया, एमपीएससीची पोरं असे सगळे येतात आणि इडियम्सचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलं. इंग्रजी वाक्प्रचारसुद्धा देवनागरीतच लिहिलेत, म्हणजे वाचता वाचता उच्चारासकट डोक्यात बसतील.

इडियम म्हणजे नक्की काय? म्हण, वाक्प्रचार, फ्रेजल व्हर्ब हे सगळं एकच ना?

नाही, आणि हा फरक आपल्याला शाळेत मराठीच्या तासाला शिकवलेलाच आहे. "नाचता येईना अंगण वाकडं" ही म्हण, ती आख्खी जशीच्या तशी बोलायची. "कानाडोळा करणे" हा वाक्प्रचार, तो वाक्यात बसवावा लागतो, तिने कानाडोळा केला, आम्ही कानाडोळा करतो वगैरे. इंग्रजीत म्हणीला प्रोव्हर्ब म्हणतात आणि इडियम म्हणजे साधारण आपला वाक्प्रचार. फ्रेजल व्हर्ब म्हणजे गिव्ह अप, पुट ऑफ, लुक आफ्टर असली छोटी जोडी, तिचाही अर्थ बऱ्याचदा शब्दांवरून कळत नाही पण ती वेगळी शिकायची.

इडियमची खूण एकच, शब्द सुटे सुटे कळले तरी अर्थ लागत नाही. कोणी परदेशी माणूस मराठी शिकतोय असं समजा आणि त्याला सांगा "जरा डोळा लागला होता". तो बिचारा विचारणार डोळ्याला काय लागलं, दुखतंय का. मग त्याला "डोळ्यात खुपतो" सांगा, "डोळा ठेव" सांगा. त्याचं जे होईल तेच आपलं "स्पिल द बीन्स" ऐकल्यावर होतं, बीन्स सांडल्या म्हणजे काय तर गुपित फुटलं.

पाचशे इडियम्सची पीडीएफ मिळालीये, ती पाठ केली तर चालेल का?

पाठ होईल पण तोंडात येणार नाही. लिस्टमध्ये फक्त अर्थ असतो, कोण कोणाला कधी म्हणतं ते नसतं आणि इडियमचा जीव तिथेच आहे. लिस्टच्या भरवशावर राहून काय होतं त्याचं एक उदाहरण पुढच्या प्रश्नात देतेय, ते नीट वाचा.

मराठीतला वाक्प्रचार इंग्रजीत केला की काम होत नाही का?

कधी कधी अगदी तंतोतंत होतं. जखमेवर मीठ चोळणे इंग्रजीतही तसंच आहे. आगीत तेल ओतणे तिकडे ॲड फ्युएल टू द फायर. हाताबाहेर गेलं म्हणजे गॉट आउट ऑफ हँड. डोक्यावरून गेलं म्हणजे वेंट ओव्हर माय हेड. आगीतून फुफाट्यात म्हणजे आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर, फक्त त्यांचं तव्यातून आगीत आणि आपलं आगीतून गरम राखेत. काही तर आपण त्यांच्याकडूनच घेतलेत आणि आता ते आपलेच वाटतात, हिमनगाचं टोक घ्या, महाराष्ट्रात हिमनग कोणी पाहिलाय? लालफितीचा कारभारही तसाच, सरकारी कागद लाल फितीने बांधायची पद्धत होती त्यावरून आलेला.

पण धोका असतो तो दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असणाऱ्यांत. माझी एक विद्यार्थिनी एका कंपनीत होती. टीममधले दोघंजण तिचं काम मुद्दाम अडवायचे, तिची माहिती वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि वर्षअखेरीच्या फॉर्ममध्ये तिने मनातलं सगळं धाडस गोळा करून लिहिलं, "माय कलीग्ज आर ऑल्वेज पुलिंग माय लेग." आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, तोच अर्थ तिच्या डोक्यात. इंग्रजीत पुलिंग माय लेग म्हणजे माझी थट्टा करतात, प्रेमाने फिरकी घेतात. परदेशातल्या मॅनेजरने खाली लिहिलं की टीममध्ये एवढं खेळीमेळीचं वातावरण आहे हे वाचून बरं वाटलं. तिने मला तो फॉर्म फोनवर दाखवला तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं, कारण वर्षभराची तक्रार एका ओळीत उलटी झाली होती. लिहायला हवं होतं "दे आर होल्डिंग मी बॅक", साधं आणि सरळ. तिच्याकडे लिस्ट होती बरं का, लिस्टमध्ये "पुल समवन्स लेग, टू जोक" असं छापलेलंही होतं, पण लिहायच्या क्षणी आठवलं ते मराठी.

अशा अजून काही जोड्या लक्षात ठेवा:

- क्रिकेटमुळे आपण "सिक्सर मारला" म्हणजे कमाल केली असं म्हणतो. ब्रिटिश इंग्रजीत "आय वॉज नॉक्ड फॉर सिक्स" म्हणजे मला जबरदस्त धक्का बसला, वाईट बातमीने हादरलो.
- पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे कितीही शिकवा फुकट. वॉटर ऑफ अ डक्स बॅक त्याच्यासारखं दिसतं पण ते टीकेबद्दल आहे, लोक काहीही बोलले तरी याला काही लागत नाही, आणि बऱ्याचदा कौतुकाने म्हणतात.
- हातपाय गार पडणे म्हणजे भीती. कोल्ड फीट म्हणजे ठरलेली गोष्ट करायच्या ऐन वेळी कच खाणे, लग्नाच्या आदल्या दिवशी वगैरे. रस्त्यात साप दिसला तर कोल्ड फीट होत नाहीत.
- एकाच माळेचे मणी म्हणजे सगळे सारखेच, आणि त्यात नावं ठेवण्याचा सूर असतो. इन द सेम बोट म्हणजे आपल्यावर एकच वेळ आलीये, त्यात सहानुभूती असते.

आणि "डोन्ट ईट माय हेड" भारतात कोणालाही कळतं, बाहेर कोणालाच नाही. तसंच "त्याच्या पोटात दुखतंय" याचं शब्दशः इंग्रजी केलंत तर समोरचा गोळी आणून देईल, तिथे जेलसच म्हणा.

रेनिंग कॅट्स अँड डॉग्स खरंच बोलतात का? आणि ते कुठून आलं?

आपल्या शाळांमध्ये बहुतेक हा पहिला इडियम शिकवतात पण इंग्लंडमधली माणसं रोजच्या बोलण्यात फार वापरत नाहीत, जरा जुनाट वाटतो. इट्स पोअरिंग किंवा इट्स बकेटिंग डाउन जास्त ऐकू येतं. चूक नाहीये, पण प्रत्येक पावसाला वापरू नका.

कुठून आलं हे नक्की कोणालाच सांगता येत नाही. गवती छपरावर कुत्री मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, ही जी गोष्ट फिरते ती १९९९ च्या सुमारास ईमेलवरून पसरलेली थाप आहे. सतराव्या शतकापासून असे शब्दप्रयोग लिखाणात सापडतात एवढं खरं. मला विचाराल तर आपला मुसळधार शब्द जास्त चित्र उभं करतो, मुसळाएवढी जाड धार.

वन्स इन अ ब्लू मून म्हणजे? चंद्र निळा होतो का?

अर्थ सोपा आहे, क्वचित कधीतरी. आपला नेमका शब्द सठीसामाशी. "तो सठीसामाशी फोन करतो" म्हणजे ही कॉल्स वन्स इन अ ब्लू मून.

आता यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट सांगते. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. वाक्प्रचार त्या व्याख्येपेक्षा जुना आहे, व्याख्या विसाव्या शतकात रूढ झाली. पण हिशोब बघा. बारा चांद्र महिन्यांचे दिवस साधारण ३५४, सौर वर्षाचे ३६५, म्हणजे दरवर्षी ११ दिवस मागे पडतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक पौर्णिमा जास्तीची साठते. हाच आपला अधिक महिना, धोंड्याचा महिना! तोही साधारण तेवढ्याच अंतराने येतो, कारण गणित एकच आहे. आणि आपण त्यावर वाक्प्रचार काय केला, तर "दुष्काळात तेरावा महिना". त्यांच्यासाठी जास्तीचा चंद्र म्हणजे दुर्मीळ गोष्ट, आपल्या शेतकऱ्यासाठी दुष्काळी वर्षात खायला घालायचा अजून एक महिना. क्लासमध्ये हे सांगितल्यापासून ब्लू मून कोणी विसरलेलं मला आठवत नाही.

ऑफिसच्या कॉलवर निम्मं डोक्यावरून जातं, कुठले इडियम्स आधी शिकू?

ऑफिसातले बरेचसे खेळांतून आलेत, आणि ते आपण न खेळलेल्या खेळांतून आलेत म्हणून अडतं. बॉलपार्क फिगर बेसबॉलमधलं, बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, म्हणजे आकडा ढोबळ द्या, अगदी पैशापैशाचा नको. समोरच्याने बॉलपार्क मागितला आणि तुम्ही दोन दिवस घेऊन एक्सेल बनवत बसलात तर तो वैतागणार, तिथे "साधारण पाच ते सहा लाख" एवढंच हवं असतं. टच बेस पण तिथलंच मानतात, थोडक्यात बोलून घेऊ. कर्वबॉल म्हणजे अचानक आलेली अडचण, आपली गुगली समजा. द बॉल इज इन युअर कोर्ट टेनिसमधलं, आता तुम्ही ठरवा.

खेळाशिवायचे म्हणजे ऑन द सेम पेज, आपलं समजून घेणं एकच आहे ना. लो हँगिंग फ्रूट, खालच्या फांदीवरचा पेरू, सहज होणारं काम आधी उरका. कॉल इट अ डे म्हणजे आजचं काम इथे थांबवू, याचा फोन कॉलशी संबंध नाही, माझ्या एका विद्यार्थ्याला वाटायचं की दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायचाय.

उलट बाजूने, आपण बोलतो ते क्रिकेटचं इंग्रजी अमेरिकन माणसाला कळेलच असं नाही. स्टिकी विकेट म्हणजे अवघड परिस्थिती, ऑन द बॅक फूट म्हणजे बचावात जाणं, हे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन क्लायंटला बिनधास्त बोला, अमेरिकनला साध्या शब्दात सांगा.

आणि एका शब्दाला फार जपा, टेबल. ब्रिटिश मीटिंगमध्ये "लेट्स टेबल धिस" म्हणजे हा विषय चर्चेला घ्या, अमेरिकन मीटिंगमध्ये तेच वाक्य म्हणजे हा विषय बाजूला ठेवा. बरोबर उलटं. शंका आली तर तिथेच विचारा की आत्ता बोलायचंय की नंतर.

कुठला इडियम कुठे वापरायचा नाही हे कसं कळणार?

मराठीत मरणासाठी किती शब्द आहेत बघा. वारले, देवाज्ञा झाली, गेले, आणि गचकला, खपला. सगळ्यांचा अर्थ एकच पण शेजारच्या आजोबांच्या दारात जाऊन "कधी गचकले" कोणी विचारत नाही. किक द बकेट म्हणजे गचकणे. अर्थ म्हणून "टू डाय" पाठ केलेलं असतं, त्यामुळे एका मुलाने साहेबांच्या वडिलांबद्दलच्या शोकसंदेशात ते घातलं होतं, नशीब पाठवायच्या आधी मला दाखवलं. तिथे पास्ड अवे लिहायचं.

म्हणून डिक्शनरीत अर्थाच्या शेजारी छोटं काय लिहिलंय तेही वाचा. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत, त्यात इन्फॉर्मल, ओल्ड फॅशन्ड असा शेरा दिलेला असतो. तो शेरा वहीत उतरवून घ्या.

इडियममधले शब्द बदलले तर चालतं का?

काळ बदला, कर्ता बदला, पण आतले शब्द नको. "आगीतून निखाऱ्यात" कोणी म्हणालं तर कळेल पण कानाला खटकेलच ना, तसंच. ही किक्ड द बकेट ठीक, पण किक्ड अ बकेट म्हटलं की खरीखुरी बादली लाथाडली. द बकेट वॉज किक्ड असं कर्मणी केलंत तरी तेच, मरणाचा अर्थ गेला. स्पिल द बीन्स मात्र कर्मणीत चालतं. याला पक्का नियम नाही, ऐकून ऐकूनच कान तयार होतो.

नॉट माय कप ऑफ टी म्हणजे मला फारसं न आवडणारं, आणि हे जवळपास नेहमी नकारार्थीच येतं हे पण लक्षात असू द्या.

डू द नीडफुल चुकीचं आहे का?

चुकीचं नाही. हे जुनं ब्रिटिश कार्यालयीन इंग्रजी, तिकडे मागे पडलं, आपल्याकडे अर्जांमध्ये टिकलं. भारतातल्या भारतात खुशाल लिहा. परदेशी माणसाला नेमकं काय करायचं ते सांगा, "प्लीज अप्रूव्ह द इन्व्हॉइस" वगैरे. आउट ऑफ स्टेशनचं तसंच, साहेबाच्या नेमणुकीचं गाव म्हणजे स्टेशन, त्या काळातलं. त्यापेक्षा पास आउटला सांभाळा, "आय पास्ड आउट इन २०१९" म्हणजे बाहेरच्या माणसाला २०१९ साली तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटतं. ग्रॅज्युएटेड म्हणा.

इडियमच्या मागची गोष्ट शिकायची गरज आहे का?

गरज नाही पण लक्षात राहायला यासारखं दुसरं काही नाही, फक्त गोष्ट खरी असावी. हॉब्सन्स चॉइस घ्या. थॉमस हॉब्सन हा केंब्रिजमधला घोडे भाड्याने देणारा माणूस, १६३१ साली वारला. गिऱ्हाइकाला घोडा निवडू द्यायचा नाही, दाराजवळ उभा असेल तो घ्या नाहीतर जा. म्हणून हॉब्सन्स चॉइस म्हणजे नावाला निवड, प्रत्यक्षात पर्यायच नाही. टर्न अ ब्लाइंड आयबरोबर ब्रिटिश नौदलातल्या नेल्सनची गोष्ट सांगतात, १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला तेव्हा त्याने दुर्बीण आपल्या अंध डोळ्याला लावली म्हणे. म्हणजे आपलं कानाडोळा करणे, आपल्याही शब्दात डोळा आहेच.

आणि एक इडियम तर माझ्या घरापासून काही मिनिटांवरचा आहे! गो डूलॅली. ब्रिटनमध्ये कोणी वेड्यासारखं वागायला लागलं की म्हणतात ही हॅज गॉन डूलॅली. हे डूलॅली म्हणजे आपलं देवळाली. इंग्रजांच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती, नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबायचे. जहाजं वर्षाचे काही महिनेच सुटायची, त्यामुळे महिनोन्‌महिने काम नाही, वरून ऊन, आजारपण, आणि काहींची डोकी फिरायची. त्याला ते डूलॅली टॅप म्हणायचे, टॅप म्हणजे आपला ताप. माझ्या वर्गात देवळाली कॅम्पातून बसने येणाऱ्या मुली आहेत, हे पहिल्यांदा ऐकलं की दोन मिनिटं कोणी बोलत नाही, मग एकदम सगळ्या बोलायला लागतात. इंग्रजी ही कुठूनतरी लांबून आलेली परक्यांची भाषा हा जो ताण असतो ना, तो त्या दिवशी जरा सैल होतो. हॅव अ डेक्को म्हणजे जरा बघ, ते पण सैनिकांनी इथून नेलेलं "देखो".

एमपीएससी आणि एसएससीसाठी (म्हणजे स्टाफ सिलेक्शन, दहावी नव्हे) वेगळे करावे लागतात का?

हो, वेगळी वही करा. एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेच्या मराठी-इंग्रजी पेपरला इडियम्स अभ्यासक्रमातच आहेत, स्टाफ सिलेक्शनला पण येतात, आणि तिथे जुने छापील प्रकार जास्त असतात, ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स म्हणजे सगळा गोंधळ, अ बोल्ट फ्रॉम द ब्लू म्हणजे ध्यानीमनी नसताना कोसळलेलं, कट नो आइस म्हणजे काही परिणाम न होणे. पर्यायांत एक शब्दशः अर्थाचा असतोच, तो आधी खोडा. मागच्या प्रश्नपत्रिका सोडवा, तेच तेच फिरून येतात.

आयेल्ट्समध्ये (परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा) इडियम्स टाकले की बँड, म्हणजे गुण, वाढतो?

टाकले की वाढतो असं नाही. स्पीकिंगच्या सात बँडच्या वर्णनात इडियोमॅटिक शब्दसंपत्ती आहे, पण त्याचा अर्थ दर वाक्याला एक इडियम नव्हे. मेक अ डिसिजन, हेवी ट्रॅफिक अशा नैसर्गिक जोड्याही त्यातच येतात. पाठ केलेला इडियम परीक्षकाला लगेच ओळखू येतो. सहज आला तर येऊ द्या, नाहीतर सोडा.

मग रोजचा सराव कसा करू?

आठवड्याला पाच. त्यापेक्षा जास्त नको. वहीत आधी ऐकलेलं पूर्ण वाक्य लिहा आणि कोण कोणाला म्हणालं ते लिहा, मग आपल्या घरात त्या जागी काय म्हणतात ते, म्हणजे पीस ऑफ केकसमोर "डाव्या हातचा मळ". अर्थ जुळत नसेल तर कुठे जुळत नाही तेही लिहा. मग स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य. खोटं वाक्य लक्षात राहत नाही. माझ्या वर्गातल्या एका काकूंनी लिहिलं होतं, "माय डॉटर्स वेडिंग कॉस्ट अस ॲन आर्म अँड अ लेग, बट शी इज हॅपी." त्यांना तो इडियम आयुष्यभर पुरेल.

ऐकून कळायला भरपूर हवेत, बोलायला चाळीस-पन्नास पुष्कळ होतात.

मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, इंग्रजी इडियम्स येतात पण मराठी म्हणी एकही कळत नाही. काय करू?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. तिच्याच इंग्रजी वहीत प्रत्येक इडियमसमोर एक ओळ मोकळी सोडायला सांगा आणि ती ओळ आजीला फोन करून भरायची. अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्सला काय म्हणतात ग आजी? आजी नाचता येईना सांगेल, आणि तेवढ्यावर थांबणार नाही, अजून चार सांगेल, त्यातल्या दोन तुम्हालाही माहीत नसतील. त्याही लिहून घ्या.